नक्कल नेमकी कशाची करायची

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो सावकाश पाहिले. गायतोंडे आणि रझा हे आधुनिक चित्रकार आणि अजिंठ्याची भित्तिचित्रं असे तीन गट केले आहेस आणि तिन्हींत मेहनत दिसते. तरी तिन्हींत अडचण एकच आहे. पूर्ण झालेलं चित्र जसं दिसतं, तिथूनच तू सुरुवात केलीस. गायतोंडे यांचा धूसर पिवळा हवा म्हणून पिवळ्यात तपकिरी कालवलास, रझांचा बिंदू हवा म्हणून मधोमध काळं वर्तुळ काढलंस. तो पिवळा तिथे कसा आला, आधी काय लावलं, मग काय उचललं, किती दिवस थांबले, हे विचारायचं राहून गेलं. मोठ्या चित्रकाराकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त या क्रमातच असतं आणि हाताने केल्याशिवाय ते कळत नाही.

म्हणून नक्कल जरूर कर, त्यात कमीपणा नाही. व्हॅन गॉगने १८८७ साली हिरोशिगेच्या दोन जपानी छापचित्रांवरून तैलचित्रं केली. पुढे सेंट-रेमीच्या रुग्णालयात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापांवरून तो रंगवत राहिला. छापात रंगच नव्हता, त्यामुळे रचना मिलेची राहिली आणि रंगाचा प्रत्येक निर्णय व्हॅन गॉगला स्वतः घ्यावा लागला. हा प्रयोग तुला झेरॉक्सच्या खर्चात जमेल. आवडत्या चित्राची काळी-पांढरी प्रत काढ, मूळ चित्र आठवडाभर पाहू नकोस आणि रंग तुझ्या शिवारातून घे: फेब्रुवारीतली पिकलेली ज्वारी, नांगरट झालेलं काळं रान, एप्रिलमधलं वाळून पांढरं पडलेलं कुसळ. प्रतीत जिथे जेवढा गडदपणा आहे तेवढाच तुझ्या रंगात ठेवायचा, हा एकच नियम. तो पाळताना लक्षात येईल की पिवळा कितीही भरला तरी काळ्याइतका गडद होत नाही, मग सावलीसाठी दुसराच रंग शोधावा लागतो. तुझी सगळी चित्रं मधल्याच टोनमध्ये अडकली आहेत, त्यावर हा चांगला उपाय आहे.

रझांचं काम सध्या बाजूला ठेव. १९५० साली फ्रान्सला गेल्यावर त्यांनी कितीतरी वर्षं तिथली गावं, घरं आणि निसर्ग रंगवला. बिंदू त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी आला तो त्यानंतर. मागचा प्रवास सोडून नुसता बिंदू उचलला तर हातात फक्त वर्तुळ उरतं.

आता गायतोंडे. त्यांचा जन्म नागपूरचा, १९२४चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झालं. परिपक्व काळात त्यांनी ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफवर जास्त भर दिला. रंगाचे पातळ थर द्यायचे आणि कागदाच्या तुकड्यांनी काही जागचा रंग उचलायचा, अशी त्यांची रीत होती. खालून उजेड आल्यासारखं वाटतं ते यामुळे: वरचा थर जिथे उचलला जातो तिथे खालचा फिकट थर उघडा पडतो. तू मात्र एकाच थरात ब्रशने तो उजेड रंगवलास, म्हणून तो डागासारखा दिसतो.

असं करून बघ. १२ × १२ इंचाचा हार्डबोर्ड घे. गुळगुळीत बाजूला अ‍ॅक्रिलिक प्रायमरचे दोन हात दे, मधे २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून घे. पहिला थर यलो ऑकर आणि थोडा पांढरा, फक्त टर्पेंटाइनने पातळ केलेला. तो पूर्ण वाळू दे. ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून उन्हाळ्यातही त्याला काही दिवस लागतात. अंबर हा तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. वाळला की नाही हे बोट लावून कळत नाही. कापसाला टर्पेंटाइन लावून कोपऱ्यावर हलकेच फिरव, कापसावर रंग आला तर आणखी थांब.

दुसऱ्या थराला पारदर्शक रंग हवा. बर्न्ट सिएना किंवा रॉ अंबर चालेल. त्यात टर्पेंटाइन तीन भाग आणि चित्रकारांसाठीचं शुद्ध केलेलं जवसाचं तेल एक भाग असं मिश्रण घाल. घाण्यावरचं खाण्याचं जवस तेल नको, ते फार पिवळं पडतं. थर चढत जातील तसं तेल वाढवत जायचं, उलटं कधीच नाही. खाली तेलकट आणि वर कोरडा थर आला तर वरचा आधी आवळून बसतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. या थरात पांढरा मिसळू नकोस, टिटॅनियमचा ठिपकाभर पांढराही पारदर्शकता मारतो.

रंग काचेवर रबरी रोलरने पसरव. ठशांच्या छपाईला वापरतात तो चार इंची रोलर घे. हार्डवेअरच्या दुकानातला स्पंजचा रोलर रंग पितो आणि बुडबुडे सोडतो. काचेवर रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू आली की थर पुरेसा पातळ झाला. घसरल्यासारखा गुपचूप फिरत असेल तर रंग जास्त आहे, आणि बोर्डावर रोलरच्या कडांच्या रेघा उठतील. बोर्डावर थर दिल्यावर कोऱ्या न्यूजप्रिंटचे फाडलेले तुकडे ठेव, वरून कोरडा रोलर फिरव आणि एका कोपऱ्यातून एका दमात उचल. छापील वर्तमानपत्र घेऊ नकोस, त्याची शाई फिकट रंगावर उतरते.

इथेच खरा प्रयोग आहे. त्याच बोर्डाचे तीन पट्टे मनाशी धर. पहिल्यावरचा कागद पाच मिनिटांनी उचल, दुसऱ्यावरचा वीस मिनिटांनी, तिसऱ्यावरचा तासाभराने. बाकी सगळं तेच ठेव. टर्पेंटाइन जसजसं उडतं तसा थर चिकट होत जातो आणि कागद वेगळी खूण सोडतो. लातूरच्या मे महिन्यातला तास आणि डिसेंबरातला तास सारखा नसतो, म्हणून तुझी वेळ तूच ठरव. काढलेला रंगाळलेला कागद फेकू नकोस, दुसऱ्या जागी दाबून बघ. तिथे तो रंग देतो. काढणं आणि देणं या दोन्हींमधून तो पृष्ठभाग तयार होतो.

दोन चुका हमखास होतात. पहिली, उतावीळपणे ओल्यावर ओलं देणं. मग खालचा रंगही उचलला जातो आणि सगळं चिखलाच्या रंगाचं होतं. दुसरी, सगळे तुकडे एका मापाचे फाडणं. त्याने भिंतीवरच्या छापील कागदासारखी नक्षी उठते. एक तुकडा तळहाताएवढा, एक नखाएवढा, आणि मोठा भाग न उचललेला, असा फरक ठेव.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांची काळजी घे. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. पाणी भरलेल्या, झाकणाच्या डब्यात टाकायच्या. भाड्याच्या बंद खोलीत टर्पेंटाइन वापरत असशील तर खिडकी उघडी हवीच.

ऑइल परवडत नसेल तर अ‍ॅक्रिलिकवरही जमेल, पण आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते काही मिनिटांतच धरतं. सकाळी लवकर काम कर, कूलरचा झोत बाजूला वळव, दहा भाग रंगाला एक भाग रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाल. त्यापेक्षा जास्त घातलास तर थर चिकटच राहील.

अजिंठ्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ते तुझ्या घरापासून एसटीने जाता येण्याच्या अंतरावर आहे आणि तरीही तू ते मोबाइलवरून काढलंस. तुझ्या पद्मपाणी बोधिसत्त्वाला सगळीकडून तपकिरी झाक आहे. तिच्यातली बरीचशी मूळ चित्रकाराने दिलेली नाही. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात प्रतिकृती आणि जतनाच्या निमित्ताने या चित्रांवर व्हार्निश आणि लाखेचे थर चढले. ते पुढे पिवळे-तपकिरी पडले. म्हणजे तू व्हार्निशची नक्कल केलीस.

जाशील तेव्हा सोमवार टाळ, लेणी बंद असतात. फ्लॅशला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पहिल्या लेण्यात आत गेल्यावर दहा मिनिटं काहीच काढू नकोस, डोळे अंधाराला सरावू दे. मग पूर्ण आकृतीच्या मागे न लागता एकच गोष्ट पाहा: रेषा कुठे जाड होते आणि कुठे विरते. भुवईची रेषा एका दमात गेली आहे. नाकाच्या उंचवट्यावर फिकट रंगाचा उजेड आहे, तर कडांकडे रंग गडद होतो. या दोन्हींमुळे गोलाई येते. अमुक बाजूने पडलेला उजेड तिथे शोधू नकोस. तू गालावर एका बाजूने सावली टाकलीस ती शाळेतल्या वस्तुचित्रणाची सवय आहे. जे. जे.चे विद्यार्थी प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८७२पासून पुढे अनेक वर्षं इथे येऊन प्रतिकृती करत होते. नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोसही आले. दोन-चार तासांत हे उरकत नाही.

घरी आल्यावर पृष्ठभागच तयार करून बघ. अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. खडकावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग. लाल आणि पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि मोजक्या जागी निळा लॅपिस लाझुली.

तुला एक जुनं कौल किंवा खडबडीत फरशीचा तुकडा पुरे. शेतातली काळी माती घेऊ नकोस. ती पाण्याने फुगते, वाळताना आक्रसते आणि पोपड्यांसकट निघून येते. धाब्याच्या घराला वापरतात ती पांढरी माती आण. चाळलेली माती तीन भाग, बारीक वाळू एक भाग, भुसा एक भाग, आणि अंबाडीचे बोटाच्या पेराएवढे कापलेले तंतू मूठभर. पाणी घालून तुडव आणि रात्रभर मुरू दे. कौल आधी भिजव, नाहीतर ते गिलाव्यातलं पाणी ओढून घेईल आणि गिलावा सुटेल. पहिला हात सुमारे आठ मिलिमीटर, दुसरा बारीक चाळलेल्या मातीचा दोन-तीन मिलिमीटर. सावलीत, वर ओलं गोणपाट धरून वाळव. भेगा पडल्या तर पुढच्या वेळी वाळू वाढव. बोटाने भुगा निघत असेल तर वाळू कमी कर. वरून भिजवलेल्या चुन्याच्या निवळीसारखे पातळ दोन हात. चुना डोळ्यांत आणि हाताच्या चिरांत जाऊ देऊ नकोस, हातमोजे आणि चष्मा घाल.

रंगासाठी गेरू आणि पिवडी (पिवळी माती) आण. गेरू खलात कुटून पाण्यात ढवळ, मिनिटभर थांब. खडे तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत आणि रात्रभर ठेव. तळाशी जो साका बसेल तो खरा रंग. दोन दिवसांनीही वरचं पाणी गडद लालच राहिलं तर पुडीत बाहेरचा रंग मिसळलेला असण्याची दाट शक्यता आहे, ती टाकून दे. बाभळीचा डिंक एक भाग, कोमट पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळ. साक्यात तो थोडा थोडा घालत कागदावर पट्टे ओढ आणि वाळू दे. बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला. पट्टा चकाकला किंवा त्याचे पापुद्रे उठले तर जास्त झाला. भिजवलेला डिंक उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत वास मारतो, म्हणून थोडाच कर.

त्या पृष्ठभागावर पद्मपाणी काढू नकोस. तुझ्या घरातल्या माणसाचा चेहरा काढ, आधी गेरूची बाह्यरेषा, मग सपाट रंग, मग कडांना गडद, शेवटी पुन्हा रेषा. चुना पाणी झटकन शोषतो, त्यामुळे रेषा पुन्हा गिरवता येत नाही. अजिंठ्याच्या रेषेत तो आत्मविश्वास कुठून आला असेल याचा अंदाज हाताला तिथे येतो.

बारीक शाईरेषांची चित्रं काढणाऱ्या नसरीन मोहमदी यांच्या रेषांविषयी विचारलं होतंस. इंक पेनने आखताना पट्टीची उतरती कड खाली, कागदाकडे, म्हणजे पट्टी उलटी धर, म्हणजे शाई पट्टीखाली ओढली जाणार नाही. रेषांमधलं अंतर एका मापाने वाढवत गेलीस तर काय होतं, तेवढंच आधी तपास. त्यांची चित्रं प्रत्यक्ष पाहायला मिळतील तेव्हा पुढचं बोलू.

प्रत्यक्ष पाहण्याला पर्याय नाही. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मुंबईत उतरता येतं. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. चित्रासमोर बाजूने उभी राहून बघ, पृष्ठभागावरचे उंचसखल थर तिरप्या उजेडातच दिसतात.

नोंदींचं मात्र मनावर घे. पाव इम्पेरियल, म्हणजे साधारण ११ × १५ इंचाच्या, कागदाचे मास्किंग टेपने नऊ चौकोन कर. टेप आधी कपड्यावर एकदा चिकटवून काढ, नाहीतर कागदाचा पापुद्रा सोलेल. उन्हाळ्यात ती त्याच दिवशी काढून टाक, उष्णतेने गोंद घट्ट बसतो. नऊ चौकोनांत एकच गोष्ट बदलायची. प्रत्येकाच्या मागे तारीख, रंग, माध्यमाचं प्रमाण, थांबलेला वेळ आणि त्या दिवशीची हवा लिही. फसलेला चौकोनही ठेव, त्याच्या मागची नोंद सगळ्यात कामाची असते.

प्रतीवर सही करताना ‘अमुक चित्रावरून अभ्यास’ असं स्पष्ट लिही. अशी प्रत राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात पाठवू नकोस, कितीही छान उतरली तरी. तिथे पाठवायचं ते यातून पुढे निघालेलं तुझं काम.

पुढच्या वेळी पूर्ण चित्रांचे फोटो नकोत. तीन पट्ट्यांचा तो बोर्ड आणि नऊ चौकोन पाठव, चौकोनांची मागची बाजूही. फोटो सावलीतल्या उजेडात काढ आणि बाजूला कोरा पांढरा कागद ठेव, म्हणजे मोबाइलने रंग किती फिरवला ते मला कळेल.

तुझा,
सर