नवी प्रोग्रॅमिंग भाषा लिहिताय? आधी फंक्शनची नावं पक्की करा

वाक्यरचना नंतरही वाढवता येते. पण लोकांच्या कोडमध्ये एकदा गेलेलं नाव परत घेता येत नाही, म्हणून पहिल्या आवृत्तीआधी जास्त वेळ नावांना द्या.

त्याहून आधी आर्ग्युमेंटचा, म्हणजे फंक्शनला दिल्या जाणाऱ्या मूल्यांचा, क्रम ठरवा. पीएचपी या भाषेत मजकुरात तुकडा शोधणाऱ्या 'स्ट्रपॉस' फंक्शनला आधी मोठी स्ट्रिंग (मजकूर) आणि मग शोधायचा तुकडा द्यावा लागतो; 'इन_अ‍ॅरे'ला (यादीत मूल्य आहे का ते पाहणारं फंक्शन) नेमकं उलटं. आता 'स्ट्रपॉस'चा क्रम बदलला तर दोन्ही आर्ग्युमेंट स्ट्रिंगच असल्याने जुना कोड तक्रार न करता चुकीचं उत्तर देईल. एरर परवडली, हे नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- नाव आवडेनासं झालं की थेट काढून टाकणं. नवं नाव आणा, जुनं त्यालाच जोडून ठेवा, वापरलं की वॉर्निंग द्या. काढायचंच तर पुढच्या मोठ्या आवृत्तीत.
- पॅरामीटरचं (फंक्शन लिहिताना आर्ग्युमेंटसाठी ठेवलेलं) नाव खासगी समजणं. नाव लिहून आर्ग्युमेंट देता येत असेल, तर तेही बदलता येत नाही.
- उशिरा राखीव शब्द (भाषेने स्वतःसाठी ठेवलेले, नाव म्हणून वापरता न येणारे शब्द) वाढवणं. पायथन ३.७ मध्ये 'असिंक' राखीव झाला आणि तेच नाव पॅरामीटरला दिलेल्या लायब्रऱ्या सिंटॅक्स एरर देऊ लागल्या.

ओव्हरलोडिंग (एकाच नावाची अनेक फंक्शन), नेमस्पेस (नावांचे वेगळे गट) वगैरे सध्या बाजूला राहू द्या.