मानकावरच्या मतदानात कंपन्या नेमकं काय करतात?

परभणीच्या एका कार्यालयात संगणकाचं काम बघणाऱ्या सदस्याने विचारलंय: "वर्डची फाइल लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये) उघडली की तक्ता विस्कटतो. डॉकएक्स तर आंतरराष्ट्रीय मानक आहे म्हणतात, मग असं का? आणि त्या मानकासाठी कंपनीने मतं फिरवली होती हे खरं का?"

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल, म्हणजे डॉकएक्स फाइल ज्यावर चालते तो मसुदा, एक्मा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २००६ मध्ये मंजूर केला आणि जलद मार्गाने आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेकडे पाठवला. सहा हजारांवर पानं! ओडीएफ हे त्याच कामाचं खुलं मानक आयएसओने त्याच वर्षी स्वीकारलेलं होतं. आयएसओत मत देशाचं असतं, पण ते ठरतं त्या देशाच्या मानक संस्थेतल्या एका छोट्या समितीत. त्यात बऱ्याचदा जेमतेम वीस-पंचवीस माणसं असतात. सगळी गोम इथंच आहे.

स्वीडनमध्ये ऑगस्ट २००७ मध्ये मतदानाच्या तोंडावर वीसहून जास्त नव्या कंपन्या फी भरून समितीत आल्या. बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या भागीदार. तोवर महिनोन्‌महिने बसून मसुदा वाचलेली माणसं एका दुपारी अल्पमतात गेली. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीआधी ऐनवेळी सभासद वाढवतात ना, अगदी तेच. पाठिंबा दिल्यास 'मार्केटिंग'साठी मदत मिळेल, असा कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा भागीदारांना गेलेला ईमेलही बाहेर आला. कंपनीने ती त्या कर्मचाऱ्याची चूक असल्याचं सांगितलं. शेवटी एका सभासदाने एकाहून जास्त मतं दिली म्हणून ते मतदान रद्द झालं आणि स्वीडन तटस्थ राहिला. लक्षात घ्या, रद्द होण्याचं कारण दुबार मत हे होतं. ऐनवेळी फी भरून आत येणं नियमात बसत होतं, आणि मला सगळ्यात जास्त हेच खुपतं.

सप्टेंबर २००७ ची पहिली फेरी मसुदा हरला. मग फेब्रुवारी २००८ मध्ये जिनिव्हाला पाच दिवसांची बैठक झाली. हरकती साडेतीन हजारांच्या आसपास. पाच दिवसांत त्यावर चर्चा होणार तरी कशी? बहुतेक दुरुस्त्या चर्चेविना एकगठ्ठा मतदानाला टाकल्या गेल्या. मार्चअखेरच्या दुसऱ्या मतदानात मसुदा पास. भारताने दोन्ही वेळा विरोध केला. दुसऱ्या वेळी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) समितीत १३ जण विरोधात होते आणि ५ बाजूने. नंतर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलासह भारताने अपीलही केलं. ते फेटाळलं गेलं. नॉर्वेत तज्ज्ञांचा कल विरोधात असताना तिथल्या मानक संस्थेने होकार कळवला, तेव्हा समितीतल्या अनेकांनी राजीनामे दिले.

न्यायाने बोलायचं तर आयबीएमसारख्या विरोधकांनीही जोर लावलाच होता. पण त्यामुळे मसुद्यातले दोष खोटे ठरत नाहीत. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं. नसलेली २९ फेब्रुवारी तिथं आहे, आणि ती चूक मसुद्यात जशीच्या तशी आली होती. 'वर्ड ९५ सारखं अंतर सोड' अशा अर्थाची एक सूचनाही होती. पण वर्ड ९५ ते अंतर कसं सोडतं, हे लिहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या कुणी प्रोग्राम लिहायचा तर कशाच्या आधारावर?

आता तुमचा तक्ता. हरकतींनंतर मानकाचे दोन भाग झाले: स्वच्छ ते 'स्ट्रिक्ट', आणि जुना सगळा वारसा पोटात घेणारं 'ट्रान्झिशनल'. वर्ड आजही आपणहून ट्रान्झिशनलमध्येच सेव्ह करतं. स्ट्रिक्टमध्ये सेव्ह करायची सोय ऑफिस २०१३ पासून आहे, पण ती मुद्दाम निवडावी लागते. त्यामुळे लिब्रेऑफिसला पुष्कळ गोष्टी अंदाजाने जुळवाव्या लागतात. त्यात फॉन्ट त्या मशीनवर नसला तर ओळी सरकतात, तक्ता तुटतो. आधी फॉन्ट तपासा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली आज उघडल्या की नुसती अगम्य अक्षरं दिसतात, हे मराठवाड्यातल्या कितीतरी कार्यालयांत मी पाहिलंय. कायम जपायची फाइल ओडीटीमध्ये (ओडीएफच्याच मजकूर-फाइलीत) ठेवा आणि नुसती वाचायला पाठवायची असेल तर पीडीएफ.

आणि एक कळकळीची विनंती. बीआयएसचे मसुदे हरकतींसाठी खुले असतात, कुणालाही मत कळवता येतं. ठिबकच्या नळ्यांपासून संगणकापर्यंत सगळ्याचे. कंपन्यांकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत. आपल्याकडे नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या कॉलेजांत शिकवणारे आणि तुमच्यासारखे रोज ती फाइल हाताळणारे लोक आहेत. तुमचा तक्ता नेमका कुठे तुटतो, हे त्या फाइलीसकट लिहून पाठवलंत तर ती पक्की तांत्रिक हरकत ठरते. मसुदा शोधायला किंवा हरकत लिहायला अडचण आली तर मला सांगा, सोबत बसून लिहू.