पगार थकला आणि जहाजच पळवलं

प्रश्न : भाचा मर्चंट नेव्हीत आहे, सुट्टीला आला की रात्री अंगणात गप्पा रंगतात. परवा त्यानं विचारलं, मामा, शिडाच्या जहाजांवरचे खलाशी बंड केलं की लगेच चाचेच का व्हायचे? मला काय सांगता येईना.
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : मामा, बऱ्याचदा मूळ पगारात असायचं. १६९४ चंच बघा, लंडनच्या व्यापाऱ्यांचं 'चार्ल्स द सेकंड' जहाज स्पेनच्या कोरुन्या बंदरात महिनोन्महिने नांगर टाकून पडलेलं, सहा महिन्यांनी पगार देतो म्हणालेले तो दिलाच नाही, आणि नोकरी सोडून घरी जायचीही सोय नाही, मग पोरांनी करायचं काय? मे महिन्यात एका रात्री, कॅप्टन आजारी पडून केबिनमध्ये झोपलेला असताना त्याच जहाजावरच्या हेन्री एव्हरी नावाच्या अधिकाऱ्यानं जहाज ताब्यात घेतलं, ज्यांना यायचं नव्हतं त्यांना होडीत बसवून किनाऱ्याकडं लावून दिलं. आता माघारी गेलं तर फास ठरलेला, उजळ माथ्यानं कुठल्या बंदरात शिरता येत नाही, म्हणजे पोटासाठी दुसऱ्याचं जहाज लुटणं एवढंच उरलं.

सप्टेंबर १६९५ मध्ये त्यांनी मक्केहून सुरतेला परतणारं 'गंज-इ-सवाई' गाठलं. औरंगजेबाचं जहाज, होय तोच, ज्यानं चार वर्षांनी आपल्या अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. एव्हरीपेक्षा जास्त तोफा होत्या त्यावर, पण ऐन लढाईत त्यातलीच एक फुटली नि जवळची माणसं गेली, त्यात चाच्यांच्या गोळ्यानं मधली डोलकाठी मोडली, संपलंच. पुढं कित्येक दिवस यात्रेकरूंचे हाल केले, बायकांची अब्रू लुटली. पगार बुडवला लंडनच्या मालकांनी आणि भोगलं त्या यात्रेकरूंनी, म्हणून एव्हरीला कुणी हिरो केलं की मला खरंच राग येतो. तो कधी सापडलाच नाही. १६९६ मध्ये लंडनला त्याच्या साथीदारांवर खटला चालला, ज्यूरीनं चाचेगिरीतून सोडून दिलं, मग जहाज पळवल्याचा दुसरा खटला भरला आणि पाच जणांना फाशी दिलं.

भाच्याला एक सांगा, आता सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारलाय. दोन महिने पगार थकला की मालकानं खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात, आणि मालकाच्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार नि घरी यायचा खर्च मागता येतो. त्याच्या कॉन्ट्रॅक्टची एक झेरॉक्स तुमच्याकडं कोरेगावात ठेवून घ्या, पुढच्या वेळी जहाजावर चढायच्या आधीच.