वाकवलेली तार पुन्हा पूर्ण सरळ का होत नाही?

तांब्याची तार वाकवून पुन्हा सरळ केली तरी मूळ वाक का उरतो आणि धातूला खरोखर स्मरण असते का, असे आपण विचारले आहे. धातुशास्त्र शिकवत असल्यामुळे मी ठामपणे सांगू शकतो की असते. मात्र प्रत्येक पदार्थ भूतकाळातली वेगळीच गोष्ट जपतो.

मुंबईत विजेचे सामान मिळणाऱ्या लोहार चाळीतून दोन-तीन मिलिमीटर जाडीची तांब्याची एकेरी तार आणा, आवरण सोला, बोटांनी काटकोनात वाकवा आणि उलट दाबून सरळ करून पाहा. मधला बाक तसाच राहतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना उलटे हलके वाक पडतात. तांब्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात ते डिसलोकेशन नावाच्या रेषारूप दोषांमुळे, आणि ही कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान व पोलानी यांनी स्वतंत्रपणे मांडली. मऊ तांब्यात दर चौरस सेंटिमीटरला असे दोष साधारण १० लाख ते १ कोटी असतात. खूप ठोकलेल्या तांब्यात ते १० हजार कोटींच्याही पुढे जातात, एकमेकांत गुंततात आणि एकमेकांची वाट अडवतात. वाकलेली जागा म्हणूनच कठीण होते आणि शेजारचा मऊ भाग आधी नमतो.

या गुंत्यात दिशाही नोंदली जाते. १८८०च्या दशकात म्युनिकच्या योहान बाउशिंगर यांनी दाखवले की ताणलेला धातू उलट दिशेने दाबला तर कमी भारालाच नमू लागतो. वरच्या प्रयोगाशी हे विसंगत नाही, कारण नमणे लवकर सुरू झाले तरी पुढे लागणारे बल झपाट्याने वाढते. म्युनिकमध्येच १९५० साली योसेफ कायझर यांना आढळले की भार दिलेला धातू सूक्ष्म आवाज करतो, पण तोच भार पुन्हा दिल्यास आधीची कमाल मर्यादा ओलांडेपर्यंत जवळजवळ गप्प राहतो. (निटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे नाव अशा वेळी हमखास निघते, परंतु ते शिकवलेल्या आकाराकडे परतते, झालेला वाक जपत नाही, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो.)

तांब्याचे हे स्मरण पुसता येते. तांबट ठोकून कडक झालेले भांडे लाल तापवतात, तेव्हा गुंतलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिक वाढतात आणि तांबे पुन्हा मऊ होते, मग ते पाण्यात बुडवून थंड केले तरीही. मात्र वारंवार वाकवल्याने पृष्ठभागावर पडलेल्या बारीक चिरा तापवून बुजत नाहीत, तेव्हा तशी तार वीजजोडणीत वापरू नका.