आई गेली, आता प्रार्थनाच होत नाही, म्हणजे विश्वास गेला का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईसाठी वर्षभर उपास-प्रार्थना केल्या तरी ती गेली, तेव्हापासून बायबल उघडवत नाही, आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी "विश्वास कमी पडला असेल" असं तोंडावर सांगितलं. आणि विचारलंय की यात देवाचा हेतू काय, तो दिसत नाही म्हणजे माझा विश्वास संपला का.

आधी ते "विश्वास कमी पडला" मनातून काढून टाका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत सलणारा त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर आलं "माझी कृपा तुला पुरे आहे". पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? आणि गेथशेमाने बागेत तर मरणाच्या आदल्या रात्री खुद्द प्रभू येशूने हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली आणि तो टळला नाही. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, असं विचारलं तेव्हाही येशूने दोन्हीला नाही म्हटलं. दुःख दिसलं की आधी दोषी शोधायचा ही सवय तेव्हापासून आहे, अजून गेलेली नाही, आणि मला त्याचा मनापासून राग येतो कारण आधीच पडलेल्या माणसावर अजून एक ओझं ठेवलं जातं.

आता हेतूचं. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाचं, जमेल तेव्हा परत वाचा, पण यावेळी एक गोष्ट लक्षात ठेवून वाचा. त्याची मुलं, गुरंढोरं, तब्येत सगळं का गेलं हे वाचणाऱ्याला पहिल्या दोन अध्यायांत कळतं, ईयोबाला मात्र शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. ३८ व्या अध्यायात देव बोलायला लागतो तेव्हाही कारण देत नाही, उलट त्यालाच प्रश्न विचारतो. पण तो येतो, बोलतो, आणि ईयोबाला तेवढ्याने उभं राहता येतं. मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प जमिनीवर बसले होते तोवर चांगले होते हो, तोंड उघडून कारणं द्यायला लागले तिथे बिघडलं. आणि शेवटी देव कोणावर रागावतो? जन्मदिवसाला शाप देणाऱ्या, देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही, देवाची बाजू घेऊन भाषणं देणाऱ्या मित्रांवर.

म्हणून म्हणते, तुमचा जो राग आहे, "का रे देवा" म्हणून जे आतून येतंय, ती प्रार्थनाच आहे. ज्याच्यावर विश्वासच नाही त्याच्याशी कोण भांडतं? १५० स्तोत्रांतली जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. १३ वं बघा, सहाच ओव्या, सुरुवातच "किती दिवस मला विसरणार" अशी. ते शेवटी तरी आशेवर येतं, पण ८८ वं तेही करत नाही, अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर प्रभूने "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२ व्या स्तोत्रातलंच वाक्य उच्चारलं. मेलेला मित्र लाजर परत उठणार हे माहीत असूनही त्याच्या कबरीकडे जाताना प्रभू रडला. मग तुम्ही आईसाठी रडताय यात कमी कसली?

"सगळं चांगल्यासाठीच होतं" हेही तुम्हाला ऐकवलं असेल. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात देव सगळ्या गोष्टींतून मिळून कल्याण घडवतो असं आहे, प्रत्येक गोष्ट चांगली असते असं नाही. मरण बायबलमध्येही शत्रूच आहे. योसेफाला १७ व्या वर्षी भावांनी खड्ड्यात टाकून मग गुलाम म्हणून विकलं, ३० व्या वर्षी तो मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला, आणि "देवाने मला तुमच्या आधी पाठवलं" हे तो भावांना बोलला तेव्हा सुकाळाची ७ वर्षं सरून दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं, म्हणजे वीस वर्षांच्या वर गेली होती. आणि बोलला तो स्वतः. खड्ड्यात पडला होता तेव्हा वरून डोकावून कोणी त्याला हेतू समजावत नव्हतं. मी मंडळीत बरीच वर्षं शोकातल्या घरी जाते, तिथे हेच दिसतं, अर्थ लागलाच तर उशिरा लागतो आणि ज्याने भोगलं त्यालाच लागतो, दुसऱ्याने दिलेला टिकत नाही. काहींना तो लागत नाही, तरी ती माणसं देवाला धरून असतात.

सध्या एवढंच करा. प्रार्थनेला शब्द येत नसतील तर १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचा, तेही नको वाटलं तर नुसतं "प्रभू, मला बोलवत नाही" म्हणा. आणि दुसऱ्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करू द्या. पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून येशूपुढे खाली सोडलं तिथे शुभवर्तमानात मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला, म्हणजे आणणाऱ्यांचाही त्यात आला. तुमच्या ओळखीत असं न समजावता नुसतं येऊन बसणारं कोणी असेल तर तिला फोन करा.

झोप, जेवण याकडेही बघा. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला तेव्हा देवदूताने उपदेश नाही केला, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, देवाशी बोलणं त्यानंतर झालं. आणि महिनोन् महिने झोप नसेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरांकडे आजच जा, घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन. त्याने विश्वास कमी होत नाही.