सीएसआरच्या पैशातून कामगारांचे पगार देता आले असते का?

आपला प्रश्न असा आहे की, 2020 च्या टाळेबंदीत आपल्या कंपनीने आसपासच्या गावांत शिधावाटपावर आणि मदतनिधीवर सीएसआरचे, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाचे, लाखो रुपये खर्च केले आणि त्याच दोन महिन्यांत ठेकेदाराकडील कामगारांना घरी बसवले. तो पैसा त्यांच्या पगारासाठी वापरता आला नसता का? वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी बरीच वर्षे कामगार व्यवस्थापनाचे काम पाहिले आणि त्या एप्रिलमध्ये हाच प्रश्न आमच्यापुढेही आला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कायद्यापुरते बोलायचे तर तो पैसा पगारासाठी वापरता आला नसता. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता (नेटवर्थ) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलेल्या कामांवर खर्च करावी लागते, आणि केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या लाभासाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 23 मार्च 2020 रोजी कोविडवरील खर्च सीएसआरमध्ये धरण्यास मान्यता दिली, तेव्हा अनेक कंपन्यांनी पगाराबद्दलही विचारणा केली. 10 एप्रिलच्या परिपत्रकात त्यावर उत्तर आले: टाळेबंदीत कामगारांना वेतन देणे ही मालकाची नैतिक जबाबदारी आहे, हंगामी व रोजंदारी कामगारांच्या बाबतीतही ती आहेच, आणि म्हणून हा खर्च सीएसआर ठरणार नाही. अपवाद एकच ठेवला होता. हंगामी वा रोजंदारी कामगारांना वेतनाच्या वर, कोविडशी लढण्यासाठी म्हणून काही सानुग्रह रक्कम दिली, संचालक मंडळाने तसे जाहीर केले आणि लेखापरीक्षकाने ते प्रमाणित केले, तर ती रक्कम धरता येणार होती. पण त्यासाठी मुळात वेतन दिलेले असणे आवश्यक होते.

पगार आणि सीएसआर यांच्यातली ही भिंत योग्य होती असे माझे मत आहे, आणि ते का, हे एका हिशेबाने सांगतो. समजा कंपनीचा सरासरी निव्वळ नफा 40 कोटी आहे. तिचा सीएसआर 80 लाख झाला. तिच्याकडे ठेकेदारांमार्फत 600 कामगार असतील आणि प्रत्येकाला महिना 14,000 रुपये द्यावे लागत असतील, तर एका महिन्याचा पगारच 84 लाख होतो. म्हणजे सीएसआरचा सगळा पैसा ओतला असता तरी एप्रिलसुद्धा पुरा निघाला नसता, आणि एकदा पगार सीएसआरमध्ये दाखवण्याची वाट मोकळी झाली असती तर शाळेच्या खोल्या आणि पाण्याच्या टाक्या यांच्यासाठी पुढे कोणत्याही वर्षी छदाम उरला नसता. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू आमच्या बैठकीत कोणी मांडली नाही, मीही नाही. दोन महिन्यांचे 1 कोटी 68 लाख हे त्या 40 कोटींच्या जेमतेम सव्वाचार टक्के होतात. सीएसआरची रक्कम मागच्या तीन वर्षांच्या नफ्यावर ठरते, म्हणजे ती देणे लागणारी कंपनी त्या तीन वर्षांत कमावती होती हे उघडच आहे. तरीही संकटाच्या पहिल्याच महिन्यात ‘रोख शिल्लक जपायला हवी’ हे वाक्य सर्वांत आधी ठेकेदाराच्या बिलाला लागू होते.

आमच्याकडे काय झाले ते सांगतो. कायम कामगारांना एप्रिलचा पगार मिळाला. ठेकेदारांना मार्चच्या हजेरीपुरते बिल देण्यात आले आणि पुढचे तुम्ही पाहा, असे तोंडी कळवण्यात आले. त्याच आठवड्यात रांजणगाव शेणपुंजीत शिध्याची पाकिटे वाटायचा कार्यक्रम ठरला. पाच किलो गहू, दोन किलो तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, साबण. खर्चाची टिपणी मीच तयार केली होती. वाटपाच्या दिवशी चुन्याने आखलेल्या गोलांत माणसे उभी होती आणि त्या रांगेत आमच्याच पेंट शॉपमधला, म्हणजे रंगकाम विभागातला, एक हेल्पर होता, तोंडाला गमछा बांधलेला, पण अंगात कंपनीचाच राखाडी शर्ट, ज्याच्या खिशावरचा लोगो पाकिटावरच्या लोगोशी तंतोतंत जुळत होता. त्याने मला ओळखले. ‘साहेब, ड्यूटी कधी चालू होईल?’ एवढेच विचारले आणि अंगठा उमटवून पाकीट घेऊन गेला. नोंदीत तो ‘स्थानिक गरजू लाभार्थी’ होता. नियमाप्रमाणे ते बरोबरही होते, कारण कंपनीच्या लेखी तो कर्मचारी नव्हता, ठेकेदाराचा माणूस होता.

रोजगाराच्या कायद्याची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. गृह मंत्रालयाच्या 29 मार्च 2020 च्या आदेशात बंद काळाचे वेतन कपात न करता द्यावे असे म्हटले होते, आणि राज्य शासनानेही 31 मार्चला कंत्राटी व रोजंदारी कामगारांना कामावर हजर मानावे असा निर्णय काढला. काही उद्योजक उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले, तेव्हा 30 एप्रिलला न्यायालयाने प्रवास व भोजनभत्ता वगळून एकूण (ग्रॉस) वेतन द्या असे सांगितले. निर्बंध उठलेल्या भागात जो कामगार स्वतःहून कामावर येणार नाही त्याचे वेतन कापण्याची मुभाही दिली. पुढे केंद्राचा आदेश 18 मेपासून मागे घेतला गेला आणि 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात वाटाघाटी करून वेतनाचा प्रश्न सोडवावा, आदेश न पाळणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असे सांगितले. ज्याच्या हातात नियुक्तिपत्रही नाही तो वाटाघाटी कोणाशी करणार, हा प्रश्न तिथेच राहिला. मंत्रालयाने ‘नैतिक जबाबदारी’ म्हणून वेतन सीएसआरच्या खात्यातून बाहेर काढले होते. ते कोणाच्या खात्यावर घालायचे हे मात्र शेवटपर्यंत कोणी पक्के केले नाही.

जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातली ले-ऑफची, म्हणजे काम नसताना कामगाराला तात्पुरते घरी बसवण्याची, तरतूदही इथे उपयोगी पडत नव्हती. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते ती हजेरीपटावर नाव असलेल्या, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला. बदली आणि हंगामी कामगार त्यातून वगळलेले आहेत. शिवाय हा सारा बोजा एकट्या मालकावर पडतो, त्यामुळे छोटा कारखानदार ले-ऑफ जाहीर करण्याऐवजी ठेका मोडणे पसंत करतो. जर्मनीत याच काळात कामाचे तास कमी झालेल्या कामगाराला बुडालेल्या निव्वळ वेतनाच्या 60 टक्के, मुले असतील तर 67 टक्के रक्कम सरकारी रोजगार संस्थेच्या निधीतून मिळत होती, आणि 2020 मध्ये काळ लांबेल तसे हे प्रमाण वाढवले गेले. तिथले मालक आपल्यापेक्षा अधिक दयाळू आहेत असे मला वाटत नाही. तोटा वाटून घेण्याची सोय आधीपासून तयार होती, एवढेच. आपल्याकडे कामगार राज्य विम्याच्या अटल योजनेत बेकारी भत्ता 25 वरून 50 टक्के केला गेला, पण तो नव्वद दिवसांपुरता, आणि तोही ज्याच्या नावाने वर्गणी नियमित भरली गेली होती त्याला.

कंपनीला त्या मर्यादेतही बरेच करता आले असते. ओव्हरटाइम आणि नवी भरती थांबवणे, वरच्या पगारांत चढत्या क्रमाने कपात करणे, ठेकेदाराशी करार करतानाच बंद काळातील किमान वेतनाचे कलम घालणे, आणि काम सुरू झाल्यावर जुन्यांनाच आधी बोलावणे, यांपैकी कशासाठीही सीएसआरला हात लावावा लागत नाही. सीएसआरचा योग्य उपयोगही आहे: सातव्या अनुसूचीत रोजगारक्षम कौशल्ये आणि उपजीविका यांना जागा आहे, त्यामुळे वसाहतीतील कोणाही बेरोजगारासाठी खुले असलेले वेल्डिंगचे किंवा सीएनसी (संगणकचालित) यंत्रांचे प्रशिक्षण त्यात बसते, आणि त्यात इतरांबरोबर काम गेलेले कामगार आले तर ते नियमाविरुद्ध होत नाही.

आपल्यापुरते सांगायचे तर त्या काळातील वेतनचिठ्ठ्या, गेटपास आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी जपून ठेवा, आणि मार्चपर्यंत केलेल्या कामाचे पैसे ठेकेदाराने बुडवले असतील तर मूळ मालक म्हणून कंपनीही ते देणे लागते, हे लेखी अर्जात नमूद करून सहायक कामगार आयुक्तांकडे जा. ज्याच्याबद्दल वर लिहिले तो हेल्पर सप्टेंबरमध्ये कामावर परत आला, त्याच पेंट शॉपमध्ये, पण नव्या ठेकेदाराच्या यादीत. रुजू होण्याची तारीख सप्टेंबर 2020. आधीची सात वर्षे त्या यादीत नव्हती, आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मागायची वेळ आली तेव्हा ती सिद्ध करायला त्याच्याकडे फक्त जुन्या ठेकेदाराच्या चार वेतनचिठ्ठ्या होत्या.