टीव्हीचा आवाज स्मार्ट स्पीकरवर कसा आणायचा?

प्रश्न असा आहे: घरी ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे आणि भेट मिळालेला ॲमेझॉनचा स्मार्ट स्पीकर, एको डॉट (पाचवी पिढी). टीव्हीचा आवाज पातळ येतो, तो या स्पीकरवर घेता येईल का? ऑक्स केबल (दोन्ही टोकांना इअरफोनसारखी पिन असलेली तार) आणावी लागेल का? आणि जोडल्यावर आवाज मागे पडतो म्हणतात, ते खरं आहे का?

केबल आणू नका. हे आधी सांगतो, कारण मी ती आणली होती. पाच मीटर लांब, सोनेरी टोकांची. आता ती आमच्याकडे गणपतीत मखराच्या माळा बांधायला वापरतात.

तुमच्या पाचव्या पिढीच्या डॉटला केबल खुपसायला भोकच नाही. २०२२मध्ये हा मॉडेल आला तेव्हा ते काढून टाकलं. आधीच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या डॉटला ३.५ मिलिमीटरचं भोक होतं, पण तेही आवाज बाहेर द्यायचं, आत घ्यायचं नव्हे. टीव्हीचं इअरफोनचं भोकही आवाज बाहेरच देतं. दोन नळ तोंडाला तोंड लावून बांधले तर पाणी कुठे जाणार? मोठ्या एकोला (तिसरी आणि चौथी पिढी) आणि जुन्या एको स्टुडिओला मात्र आवाज आत घेता येतो. गूगलच्या नेस्ट मिनी आणि नेस्ट ऑडिओला असं भोकच नाही. ॲपलचा होमपॉड तर ब्लूटूथवरूनही आवाज घेत नाही, त्याला ॲपलचाच टीव्ही बॉक्स नाहीतर एअरप्ले (ॲपलची बिनतारी आवाज पाठवायची सोय) लागतं. म्हणजे तुमच्यापुढे रस्ता एकच, ब्लूटूथ.

जोडणं दोन मिनिटांचं काम आहे. स्पीकरला म्हणा, "ॲलेक्सा, पेअर." ती शोधतेय असं सांगेल आणि निळा दिवा फिरायला लागेल. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'रिमोट्स अँड ॲक्सेसरीज' असं एक पान असतं, तिथे 'ॲड ॲक्सेसरी' दाबा. यादीत 'एको डॉट' आणि पुढे दोनचार अक्षरं असं नाव येईल, ते निवडा. झालं. काही कंपन्यांच्या टीव्हीत हेच 'साउंड आउटपुट'च्या आत 'ब्लूटूथ स्पीकर लिस्ट' म्हणून असतं. यादीत नावच येत नसेल तर बहुतेक वेळा स्पीकर कोणाच्या तरी फोनला चिकटलेला असतो. "ॲलेक्सा, डिस्कनेक्ट" म्हणा आणि पुन्हा पहिल्यापासून करा. आमच्याकडे हा गुन्हेगार म्हणजे मुलीचा फोन. ती आतल्या खोलीत झोपलेली असायची आणि फोन तिथून स्पीकर धरून बसायचा.

एक अडचण अशी की काही स्वस्त टीव्हींमध्ये ब्लूटूथ असतं, पण फक्त रिमोटपुरतं. स्पीकरला आवाज पाठवायची सोय त्यात नसते. दुकानदार "हो हो, ब्लूटूथ आहे" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. तुमच्या टीव्हीत असं निघालं तर ब्लूटूथ ट्रान्समीटर नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते. ती टीव्हीच्या इअरफोनच्या भोकात किंवा ऑप्टिकल आउटमध्ये (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या तारेच्या भोकात) लावायची आणि टीव्हीच्याच यूएसबीवरून वीज द्यायची. ऑप्टिकलवर लावलीत तर टीव्हीत 'डिजिटल ऑडिओ आउट' शोधून तिथे 'पीसीएम' (न चेपलेला साधा डिजिटल आवाज) निवडा. 'ऑटो' किंवा 'डॉल्बी' ठेवलंत तर बऱ्याच डब्यांना ती भाषा कळत नाही आणि तुम्ही शांततेकडे बघत बसता. इअरफोनच्या भोकाबद्दलही जपून. टीव्हीच्या पाठीमागे तसंच दिसणारं 'एव्ही इन' असतं, ते आत घेणारं आहे. टॉर्च लावून शेजारी लिहिलेलं वाचा, बोटाने चाचपून ठरवू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न. आवाज मागे पडतो, हे खरं आहे. पण सगळीकडे नाही, आणि हे मला कळायला महिना गेला.

आमच्याकडे हा खटाटोप बाबांसाठी होता. वय ७६, ऐकू कमी येतं, श्रवणयंत्र कपाटात. बातम्यांचा आवाज एवढा मोठा की जिन्यात चप्पल काढतानाच मुख्यमंत्री काय म्हणाले ते कळावं. हल्लीच्या सपाट टीव्हीत स्पीकरला जागाच उरत नाही, ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग माणसाकडे येतो. गाणं त्यातही बरं वाटतं, बोलणं मात्र गढूळ होतं. म्हणून मनात आलं, स्पीकर बाबांच्या आरामखुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवावा. आवाज त्यांच्या कानाशी, आम्हाला आमचं घर परत.

पहिल्या संध्याकाळी सगळे खूश. आषाढी जवळ आलेली, वारीचं थेट प्रक्षेपण चालू होतं. रिंगणाआधीचं भजन, वारकरी टाळ घेऊन उभे. बाबा दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "हे ठेक्यात नाहीत." मी म्हटलं, वारकरी आणि ठेक्यात नाहीत? मग नीट बघितलं. टाळ एकमेकांवर आपटून उघडायला लागायचे, तेव्हा नाद यायचा. लहानपणी नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी कपडे आपटताना बघितलं असेल तर आठवा: हात वर गेलेला असतो तेव्हा 'धप्प' ऐकू येतं. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे ७० मीटर रुंद पात्राला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ब्लूटूथवर सेट-टॉप बॉक्सचा आवाज साधारण एवढाच मागे असतो, १५० ते २५० मिलिसेकंद. थोडक्यात, बाबांची खुर्ची आम्ही नदीपलीकडे नेऊन ठेवली होती.

कारण सोपं आहे. टीव्ही आवाज आधी चेपतो, त्याचे तुकडे करून हवेतून पाठवतो. हवेत एखादा तुकडा गळला तर तो परत पाठवायला वेळ हवा, म्हणून स्पीकर थोडा साठा जमवल्याशिवाय वाजवायला सुरुवातच करत नाही. तोवर चित्र पुढे गेलेलं असतं. गाणी ऐकताना हे कळत नाही, कारण जुळवायला समोर ओठ नसतात. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते जाणवतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत दिलं आहे. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, पुढे गेलेला नाही. साहजिक आहे, धप्प आधी आणि कपडा नंतर, असं नदीवर कधी होत नाही.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. टीव्हीत 'ऑडिओ डिले' नावाची पट्टी सापडली, ती इकडून तिकडे ओढली. काही उपयोग नाही, कारण ती आवाज आणखी उशिरा करते. उशिरा आलेल्याला लवकर आणायची पट्टी नसते. मग 'लो लेटन्सी' (कमी उशीर) लिहिलेली महाग डबी मागवायला निघालो होतो. तसं तंत्र आहे, त्यात उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. पण ते दोन्ही टोकांना लागतं, आणि हे स्मार्ट स्पीकर ती बोली बोलत नाहीत. तुम्ही घेऊ नका.

उकल अपघाताने झाली. एकदा पावसात छत्रीचा (डिश अँटेनाचा) सिग्नल गेला, आणि मुलीने तीच बातम्यांची वाहिनी टीव्हीतल्या यूट्यूबवर लावून दिली. बाबा बघत बसले. पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की निवेदिकेचे ओठ आणि शब्द जुळताहेत. स्पीकर तोच, स्टूल तेच, ब्लूटूथही तेच.

फरक चित्र कुठून येतं याचा आहे. टीव्हीच्या आतलं ॲप चालू असतं तेव्हा चित्र आणि आवाज दोन्ही त्याच्याच हातात असतात. आवाजाला बाहेर पोचायला किती वेळ लागतो याचा त्याला अंदाज असतो, मग ते चित्रच तेवढं थोपवून धरतं. सेट-टॉप बॉक्स मात्र एचडीएमआयच्या तारेने येतो. टीव्ही ते चित्र आलं तसं दाखवून टाकतो, कोणी कोणासाठी थांबत नाही. सगळे टीव्ही हे सारखंच नीट करतात असं नाही, पण माझ्याकडच्या आणि बहिणीकडच्या अशा दोन वेगळ्या टीव्हींवर हेच दिसलं. म्हणून तुम्ही आज रात्री एवढंच करा: स्पीकर जोडा, एखादी मुलाखत यूट्यूबवर लावा, मग तशीच बोलणारी माणसं सेट-टॉप बॉक्सवर लावा. प, ब, म असलेल्या शब्दांकडे बघा. या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात, चोरी तिथे पकडता येते.

आमच्याकडे आता बातम्या यूट्यूबवर आणि आईच्या मालिका त्या-त्या वाहिनीच्या ॲपवर. आईला सुरुवातीला जड गेलं, कारण छत्रीवाल्या रिमोटवर तिला नंबर पाठ होते. क्रिकेट मात्र सेट-टॉप बॉक्सवर आणि टीव्हीच्याच स्पीकरवर. ॲपवरचं प्रक्षेपण छत्रीपेक्षा मागे असतं, आणि आमची इमारत पातळ भिंतींची आहे. गोलंदाज अजून धावत असतो आणि शेजारी षटकार झालेला असतो.

तुमच्याकडे फायर टीव्ही स्टिक (टीव्हीला लावायची ॲमेझॉनची ॲपवाली कांडी) असेल तर आणखी एक मार्ग आहे. ॲलेक्सा ॲपमध्ये 'होम थिएटर' अशी जोडणी करता येते. स्टिक आणि स्पीकर एकाच खात्यावर, एकाच वायफायवर हवेत. मग आवाज ब्लूटूथऐवजी वायफायने जातो आणि ओठ बरे जुळतात. सारखे दोन डॉट असतील तर डावा-उजवाही करता येतो. पण साध्या स्टिकमधून स्टिकमधल्याच ॲपचा आवाज जातो, छत्रीचा नाही. नुसत्या या कामासाठी स्टिक विकत घेऊ नका, तुमचा टीव्ही अँड्रॉइड आहे, ॲप त्यात आहेतच.

वापरताना जाणवलेल्या काही गोष्टी. आवाज कमीजास्त करायच्या आता दोन जागा झाल्या, टीव्ही आणि स्पीकर. स्पीकर एकदा ७ वर लावून सोडून द्या, पुढचं टीव्हीच्या रिमोटने. वायफायचा राउटर टीव्हीला खेटून असेल तर आवाज मधूनच तुटतो, कारण ब्लूटूथ आणि वायफायचा एक पट्टा दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच गर्दी करतात. राउटर हातभर लांब सरकवा किंवा टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर टाका. ब्लूटूथ जोडल्यावर टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बहुतेक बंद होतात. आम्हाला तेच हवं होतं, तुम्हाला दोन्ही हवे असतील तर हिरमोड होईल.

आणि स्पीकर ऐकत असतो, हे विसरू नका. एका मालिकेत कोणीतरी 'अलका' अशी हाक मारली आणि आमच्या स्टुलावरून उत्तर आलं. हाक बदलता येते, 'एको' किंवा 'कंप्युटर' ठेवता येतं. रात्री ९ वाजता रक्तदाबाच्या गोळीची आठवणही तोच करतो, बातम्यांचा आवाज खाली दाबून. मराठी त्याला येत नाही, त्यामुळे 'गोळी'चा 'गोली' करून इंग्रजी थाटात सांगतो. बाबांनी दोन दिवस तक्रार केली, आता तो बोलायच्या आधीच डबी उघडतात.

एक स्पष्ट सांगतो, अशा छोट्या गोल स्पीकरने सिनेमाचा आवाज भरदार होत नाही. बोलणं स्वच्छ ऐकू येतं, तेही तो जवळ ठेवला तर. टीव्हीखाली ठेवलात तर काहीच बदल वाटणार नाही. तुम्हाला धमक हवी असेल तर एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआयच्या भोकावर) लागणारा साधा साउंडबार घ्या. तिथे तार आहे म्हणून उशिराची भानगड जवळपास नाही, आणि एकाच रिमोटने भागतं.

टीव्हीच्या पाठीमागच्या भोकांचा फोटो टाकलात तर कुठे काय लागेल ते सांगतो. फोटो काढण्याआधी धूळ तेवढी पुसा, अक्षरं दिसत नाहीत.